तिरपागड्यांचा चढता आलेख

पोह्यांत शेंगदाणे घालावेत की घालू नयेत, यावर ‘पाणवठा’ या संकेतस्थळावर तेहतीस वर्षांत एकशे बारा वेळा भांडण झालं होतं. एकशे तेरावं यशोधन टिपणीसने मुद्दाम लावून दिलं. त्यात कोण काय बोलणार, हे त्याने आधीच एका कुलूपबंद फाइलीत घातलं आणि ती फाइल सकाळी दहा वाजता उत्तराताईंना पाठवून दिली.

संध्याकाळी पाचला त्याचा पुण्याहून फोन आला. उत्तराताई बिडवे मिरजेला आपल्या दोन खोल्यांच्या घरात चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणं तसंच कपावर ठेवलं आणि भिंतीवरचा संगणकाचा पडदा सुरू केला.

“उघडा आता,” यशोधन म्हणाला. “किल्ली पाठवलीय.”

उत्तराताईंनी एका बाजूला फाइल उघडली, दुसऱ्या बाजूला पाणवठ्यावरचा धागा उघडला आणि ताडून पाहायला लागल्या. दिवसभरात अडतीस प्रतिसाद आले होते. त्यातले तेहतीस फाइलीत जवळपास जसेच्या तसे होते, एखादा ‘पण’ नाहीतर ‘तर’ इकडचा तिकडे. ‘नागपूरकर’ यांनी तर्रीचा विषय काढला होता, तो फाइलीत होता. ‘सॅन होजेची सून’ यांना तिकडे पातळ पोहे मिळत नसल्याचं दुःख झालं होतं, तेही फाइलीत होतं. चौघांनी नुसतं ‘+१’, म्हणजे ‘सहमत’, लिहिलं होतं, आणि ते चौघं कोण हेसुद्धा बरोबर निघालं. सव्विसाव्या ओळीवर उत्तराताईंचं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, ‘हा हा! तुम्ही काही सुधारायचे नाहीत. – उत्तरा’.

“अगं बाई!” त्या म्हणाल्या. “हे तर मी लिहिलंय.”

“तुम्ही दुपारी दोनला लिहिलंत. अदमास नावाच्या प्रोग्रामने सकाळी नऊलाच लिहून ठेवलं होतं.”

चहा कधीच निवला होता. उत्तराताईंना कुणीतरी भर बाजारात पदर ओढल्यासारखी लाज वाटली.

आता हा पाणवठा म्हणजे काय, ते सांगायला हवं. २००५ साली, मराठी माणूस नुकताच संगणकावर मराठीत भांडायला शिकत होता तेव्हा, यशोधन आणि उत्तराताई यांनी हे गप्पांचं ठिकाण काढलं. यशोधन तेव्हा पंचवीस वर्षांचा प्रोग्रामर, आणि उत्तराताई मिरजेच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या तिशीतल्या बाई. पहिला नियम उत्तराताईंनी लिहिला: ‘घागर बघावी, नाव-गाव विचारू नये.’ आडनाव कळलं की आपला माणूस आधी आडनावाशी भांडतो आणि मुद्दा राहतो बाजूला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून प्रत्येकाने टोपणनाव घ्यायचं आणि कुणी कुणाची चौकशी करायची नाही. हा नियम मोडणाऱ्यांना आणि दोन-दोन नावांनी वावरणाऱ्यांना उत्तराताई बिनदिक्कत हाकलून देत. सभासद त्यांना मागे ‘फौजदार’ म्हणत, आणि त्यांना ते आवडत असे. त्या काळी एकेका धाग्यावर सहाशे प्रतिसाद पडत. लोक ऑफिसात साहेबाची नजर चुकवून भांडत.

आणि आता २०३८. नावनोंदणी चार हजारांची, पण रोजचे येणारे एकशे चाळीस. गेल्या सहा वर्षांत एकही नवा सभासद नाही. पाणवठ्याचं डबकं झालंय, असं बाहेरचे म्हणायचे. आतले चिडायचे, आणि चिडून तेच बोलायचे जे मागच्या वेळी चिडून बोलले होते.

“पण यात बिघडलं काय?” उत्तराताईंनी विचारलं. “नवरा-बायको चाळीस वर्षं तेच बोलतात. म्हणून कुणी घराला टाळं लावतं का?”

“ताई, टाळं मी नाही लावत. न्यासाचं पत्र आलंय.”

पाणवठा ज्या न्यासाच्या सर्व्हरवर फुकटात नांदत होता, त्या न्यासाने सदतीस सालच्या टंचाईनंतर नवं धोरण केलं होतं. सर्व्हर दिवसरात्र तापतात. त्यांना गार ठेवायला वीज लागते आणि पाणीही लागतं, आणि टँकरमागे माणसं धावत असताना शिळ्या गप्पा गार ठेवायला पाणी का घालवायचं, असा रोकडा सवाल होता. मग ठरलं, की जी ठिकाणं जिवंत आहेत ती चालू ठेवायची. बाकीची गोठवायची, म्हणजे वाचता येतील पण लिहिता येणार नाही. जिवंत कोण आणि गोठवायचं कोण, हे ठरवायला न्यासाचा प्रोग्राम, अदमास.

अदमासचं गणित उत्तराताईंना समजावून सांगायची गरज नव्हती. ते त्यांनी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. सकाळी दार उघडलं आणि दारात दूधवाला दिसला, तर तुम्हाला नवं काहीच कळलं नाही. दारात उंट दिसला, तर पुष्कळ कळलं. जे घडण्याची शक्यता कमी, ते घडलं की त्यातून मिळणारी माहिती जास्त. ही माहिती आकड्यात मोजता येते, आणि ते सूत्र नव्वद वर्षं जुनं आहे. अदमासने एवढंच केलं, की ते सूत्र एकेका माणसाला लावलं. एखाद्याचं सगळं जुनं लिखाण तो पचवतो आणि त्या माणसाच्या पुढच्या वाक्यातला प्रत्येक शब्द यायच्या आधी ओळखायला बसतो. ओळखता आला तर नवल शून्य. ओळखता आला नाही तर नवल वाढलं. मांजर कळफलकावरून चालत गेली तर तेही ओळखता येत नाही, पण त्याला काही अर्थ लागत नाही, म्हणून ते अदमास वगळतो. ज्याचा अर्थ लागतो पण अंदाज लागत नाही, तेच खरं नवल, असा त्याचा हिशेब. चहाच्या गाडीवर दोन मित्र बोलत असतील तर नवल पस्तीसच्या आसपास भरतं. न्यासाची अट होती वर्षाची सरासरी बारा. पाणवठ्याची आली होती सात.

“एकतीस मार्चला दुपारी बारा वाजता गोठवणार,” यशोधन म्हणाला. “खरं सांगू? मला वाईट वाटतंय, पण आश्चर्य नाही वाटलं.”

उत्तराताईंना मात्र गलबलून आलं. सकाळी उठल्यावर त्या आधी पाणवठा उघडत आणि मग चूळ भरत. लग्न केलं नव्हतं, भाऊ परदेशी, कॉलेजातल्या मैत्रिणी पांगलेल्या. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारी माणसं म्हणजे भाजीवाली आणि पाणवठा. तो बंद झाला तर बोलायचं कुणाशी, ही त्यांची काळजी होती आणि ती त्यांनी यशोधनला सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अदमासचे आलेख घेऊन बसल्या. एकशे चाळीस माणसं, एकशे चाळीस रेघा. सगळ्या रेघा आडव्या, जेवून वामकुक्षीला पडलेल्या. एकच रेघ डोंगर चढत होती. पस्तीस सालापर्यंत नऊवर रेंगाळलेली ती रेघ पहिल्या वर्षी अकरा, मग एकोणीस आणि आता चौतीसवर होती. नाव होतं ‘तिरपागडे’.

“तिरपागडे!” उत्तराताई एकट्याच मोठ्याने हसल्या.

तिरपागडे म्हणजे पाणवठ्याचा जुना खोडकर म्हातारा. कोकणातल्या कुठल्यातरी एस.टी. स्टँडवर नियंत्रक म्हणून नोकरी केलेला, एवढं त्यांच्याच लिखाणातून कळलेलं. कुठलाही विषय काढा, हा माणूस उलटाच बोलायचा, आणि शेवटी ठरलेली ओळ टाकायचा: ‘असो. आमची गाडी लागली.’ वीस-बावीस वर्षं उत्तराताईंची आणि त्यांची जुगलबंदी चालू होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही, असं त्या त्यांना दर दोन महिन्यांनी सुनावत.

न्यासाच्या नियमात एक फट होती. एक जरी सभासद सलग तीन वर्षं चढत्या आलेखाचा निघाला, तर त्या ठिकाणाला आणखी एक वर्ष मिळत होतं. अट एवढीच, की त्या सभासदाने स्वतः न्यासाशी बोलून सांगायचं, मी हाडामांसाचा माणूस आहे आणि हे मीच लिहिलंय. उत्तराताईंनी तिरपागड्यांना खासगी निरोप धाडला. उत्तर आलं, ‘उगाच कशाला त्रास घेता? बंद पडलेल्या गाडीत प्रवासी बसवू नयेत. असो. आमची गाडी लागली.’

“असे कसे ऐकत नाहीत बघतेच,” असं म्हणून फौजदारबाईंनी स्वतःचाच पहिला नियम मोडला. २००९ साली पाणवठ्याने छापील दिवाळी अंक काढला होता आणि तो टपालाने पाठवायला पत्ते घेतले होते. त्या यादीत सापडलं: मुरलीधर आगवेकर, देवरुख.

कोल्हापूरहून नऊची विजेवरची एस.टी. पकडून त्या निघाल्या. डावीकडच्या खिडकीत बसल्या, आणि आंबा घाट उतरेपर्यंत उन्हाने भाजून निघाल्या. घर स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर होतं. अंगणात काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या आणि सत्तरीची एक बारीक बाई त्या हाताने परतत होती.

“तिरपा...” उत्तराताईंनी जीभ चावली. “मुरलीधर आगवेकर इथेच राहतात ना? मी मिरजेहून आले. उत्तरा बिडवे.”

बाईंचा हात बियांवर थांबला. त्यांनी उत्तराताईंना नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, “फौजदार?”

“हो!” उत्तराताई हसल्या. “म्हणजे घरात माझी कीर्ती आहे तर. आहेत का ते?”

“आत या,” बाई म्हणाल्या. “उन्हातून आलात. आधी पाणी घ्या.”

आत भिंतीवर फोटो होता. हसऱ्या, जरा वाकड्या तोंडाचा माणूस, आणि फोटोला चंदनाचा हार. हार जुना होता, त्याच्यावर धूळ बसून पुसल्याच्या खुणा होत्या. उत्तराताईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

“कधी?” त्यांनी विचारलं.

“पस्तीस सालच्या फेब्रुवारीत. झोपेतच गेले. त्रास नाही झाला.”

तीन वर्षं. उत्तराताई तांब्या खाली ठेवून खुर्चीत बसल्या. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी या माणसाला, काही सुधारायचे नाहीत, असं लिहिलं होतं.

“मग लिहितं कोण?”

“मीच,” त्या बाई, म्हणजे आगवेकरांच्या पत्नी मंदाकिनीबाई, म्हणाल्या. पदराला हात पुसून त्या समोर पाटावर बसल्या. “आता फौजदारच घरी आलेत, तर लपवून काय करू? त्यांची नजर गेली होती हो शेवटी. चार वर्षं ते सांगायचे आणि मी टंकायची. सकाळी चहा झाला की, ‘मंदे, चल, गाडी काढ,’ म्हणायचे. तुमचा मजकूर मी वाचून दाखवायची. तुमचा आला की खूश व्हायचे. ‘आली बाई दंडुका घेऊन,’ म्हणायचे.”

उत्तराताईंना हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. त्यांनी ते तसेच भरू दिले.

“गेल्यावर चौदाव्या दिवशी मी उघडलं. सगळ्यांना कळवायचं म्हणूनच उघडलं होतं, देवाशप्पथ. तर तिथे पोह्यांचं भांडण चाललेलं. आणि तुम्ही लिहिलं होतंत, की आता तिरपागडे येतील आणि म्हणतील, पोह्यांत शेंगदाणा म्हणजे एस.टी.त खिडकी, मिळाली तर मिळाली. वाट बघत होतात तुम्ही त्यांची. मग मला सांगवेना. ते जे म्हणाले असते ते मी लिहिलं. चौदा जण हसले. घरात दोन आठवडे कुणी हसलं नव्हतं.”

“आणि पुढे?”

“पुढे रोज त्यांचंच लिहायला बसायची. पण किती दिवस पुरणार? हळूहळू माझंच यायला लागलं मधे मधे. कुणी ओरडलं नाही, म्हणून मग धीर आला. म्हटलं, फौजदार पकडतील. तुम्ही पण नाही पकडलंत.”

उत्तराताईंनी पिशवीतून घडीचा छोटा पडदा काढला आणि तिरपागड्यांचं तीन वर्षांचं लिखाण उघडलं. आता त्या पहिल्यांदाच ते वाचत होत्या. तोवर त्यांनी फक्त नाव वाचलं होतं. जिन्यावरचा दिवा बदलायला स्टुलावर चढलो आणि खाली कुणी धरायला नाही हे वर गेल्यावर लक्षात आलं, असं एका ठिकाणी होतं. रेडिओवर बातम्या लागल्या की अजून आवाज मोठा करतो, आतल्या खोलीत ऐकू जावा म्हणून, असं दुसरीकडे. आणि छत्तीस सालच्या एका सकाळी, ‘एका माणसाचा भात लावायला शिकायला वर्ष गेलं. काल पहिल्यांदा उरला नाही. असो. आमची गाडी लागली.’

त्याखाली अकरा प्रतिसाद होते. नागपूरकरांनी बासमतीला शिव्या दिल्या होत्या. कुणीतरी मधुमेहात भात चालतो का यावर दुवा दिला होता. आणि शेवटी, ‘हा हा! तुम्ही काही सुधारायचे नाहीत. – उत्तरा’.

हे वाक्य त्यांना टंकावंही लागत नसे. ‘हा’ लिहिलं की फोनच पुढचं सगळं सुचवायचा आणि त्या बोट टेकवायच्या. तीन वर्षांत हेच वाक्य घेऊन त्या या बाईंना चारशे बारा वेळा भेटल्या होत्या, आणि एकदाही, का हो, काय झालं, असं विचारलं नव्हतं. विचारायचंच नाही, असा नियम कुणी केला होता, हे त्यांना आठवलं.

“मंदाताई,” त्या म्हणाल्या, “मला माफ करा. तुम्ही आम्हाला धडधडीत सांगत होतात आणि आम्ही हसत होतो.”

“अहो, माफी कसली? तुमच्या हसण्यावर दिवस काढले मी.”

दुपारी जेवताना उत्तराताईंनी सगळं सांगितलं. अदमास, एकतीस मार्च, चढता आलेख. मंदाकिनीबाईंनी शांतपणे ऐकलं आणि कढी वाढत म्हणाल्या, “मग मी बोलते ना न्यासाशी. म्हणेन, मीच तिरपागडे. तीन वर्षं खोटं बोलतेच आहे, आणखी एकदा बोलेन. पाणवठा गेला तर मी सकाळी चहा झाल्यावर काय करू?”

यशोधनने फोनवर तेच सुचवलं. “ताई, सोपं आहे. न्यासाशी बोलणं नुसत्या आवाजावर होतं. पुरुषाचा आवाज मी लावून देतो. कुणाचं काय जातंय?”

“यांचं जातंय,” उत्तराताई म्हणाल्या. मंदाकिनीबाई मागच्या दारी भांडी घासत होत्या, तिकडे त्यांनी पाहिलं. “आता खोटं बोललो, की यांना कायम त्यांच्याच नावाने बोलावं लागेल. आणि आपण पुढचं वर्षभर मेलेल्या माणसाला टाळ्या देत बसू.”

“मग खरं सांगून काय होणार? दोघांनी वापरलेलं खातं न्यास मोजणीतून काढून टाकतो. आणि शास्त्राच्या दृष्टीने बरोबरच आहे ते. अदमास तिरपागड्यांच्या जुन्या लिखाणावरून अंदाज करत होता, आणि लिहीत होत्या त्यांच्या मिसेस. चुकणारच ना तो. म्हणजे आलेख गेला, वर्ष गेलं.”

“जाऊ दे.”

“तुम्ही ठरवलंच असेल तर मी काय बोलणार?” यशोधन म्हणाला. तो चिडला होता, पण त्याने फोन आपटला नाही.

मंदाकिनीबाईंची समजूत घालायला मात्र वेळ लागला. त्यांना भीती वाटत होती, की लोक रागावतील, फसवलं म्हणतील. “आणि माझ्या नावाने मी काय लिहू?” त्यांनी चार वेळा विचारलं. “त्यांच्या नावाने लिहिताना धीर असायचा.” शेवटी उत्तराताई म्हणाल्या, “तीन वर्षं तुम्हीच लिहिलंत. आता फक्त खाली सही तुमची घाला.”

पाच मार्चला उत्तराताईंनी पाणवठ्यावर लिहिलं. तिरपागडे गेले, तीन वर्षांपूर्वी गेले, लिहीत होत्या त्या त्यांच्या पत्नी, आणि आपल्यापैकी कुणालाही, सगळ्यांत आधी मला, कळलं नाही, असं सरळ लिहिलं. पाणवठा एकतीस तारखेला गोठणार हेही लिहिलं. मग त्यांनी अदमासला विचारलं, आता काय होईल? अदमासने एकशे सहा वेळा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून दाखवली.

पहिल्या तासात एकतीस आल्या. उत्तराताईंना वाटलं, झालं, ये रे माझ्या मागल्या. मग नागपूरकरांनी लिहिलं, ‘तो भाताचा मजकूर आत्ता परत वाचला. मी तिथे तांदळाच्या जातींवर भाषण ठोकलं होतं. मला झोप येणार नाही.’ मग सॅन होजेची सून यांनी विचारलं, ‘काकू, स्टुलावरून उतरलात कशा?’

अदमासने हे ओळखलं नव्हतं.

‘बसून बसून,’ मंदाकिनीबाईंनी स्वतःच्या नावाने उत्तर दिलं. सहा वर्षांतला पहिला नवा सभासद. ‘आता दिवा खालच्या भिंतीवर लावून घेतलाय.’

त्या रविवारी उत्तराताईंनी पहिला नियम काढून टाकला. मग काय विचारता! माणसं एकमेकांना विचारायला लागली. नागपूरकर नागपूरचे नव्हतेच मुळी, चंद्रपूरचे निघाले, आणि आठ वर्षं आंधळ्या आईची सेवा करत होते. नेहमी ‘+१’ लिहिणारे एक गृहस्थ पक्षाघातामुळे एकाच बोटाने टंकत होते, म्हणून बापडे ‘+१’ लिहीत. वीस वर्षं लोक त्यांना आळशी म्हणत होते. दोघं कट्टर वैरी एकाच गल्लीतले निघाले आणि एकमेकांच्या घरी चहाला गेले, तिथेही भांडून आले. अदमास गोंधळला. त्या सव्वीस दिवसांत पाणवठ्याचं नवल एकतीस भरलं.

उत्तराताईंनी गणित आधीच करून ठेवलं होतं. तीनशे एकोणचाळीस दिवस सात, सव्वीस दिवस एकतीस, सरासरी आठ पूर्णांक सात. बारा काही होत नव्हते. कितीही मनापासून केलं तरी बेरीज बेरीजच राहते, हे त्यांनी पोरांना पेपरात नापास करताना कितीदा सांगितलं होतं. यशोधनने न्यासाला दोन पत्रं लिहिली. न्यासाने नम्रपणे नकार कळवला. यशोधनने ते फोनवर वाचून दाखवलं. “ताई, आपण हे दहा वर्षं आधी का नाही केलं?” तो म्हणाला.

“कारण आपण लिहिणाऱ्यांना शिळं म्हणत बसलो,” उत्तराताई म्हणाल्या. “वाचणारी मीच शिळी झाले होते, माझा आलेख कुणी काढला नाही.”

एकतीस मार्चला सकाळपासून गर्दी होती. लोक फोन नंबर देत होते, पत्ते लिहून घेत होते. अकरा वाजता मंदाकिनीबाईंनी लिहिलं, ‘आज चहा लवकर झाला. काजू संपले. उद्यापासून सकाळी काय करायचं ते अजून ठरलं नाही. असो.’ एवढंच. गाडीची ओळ त्यांनी घातली नव्हती.

उत्तराताईंनी प्रतिसादाची चौकट उघडली. शेजारी अदमास चालूच होता. त्याने त्यांचं वाक्य त्यांच्याआधी लिहून ठेवलं होतं, तेच ते, चारशे तेराव्यांदा. त्यांनी अदमास बंद केला, फोनचं सुचवणं बंद केलं आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं, ‘मंदाताई, एका माणसाला तांदूळ किती घेता? मी तीस वर्षं एकटी राहते. मला अजून जमत नाही. रोज उरतो.’

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. लिहून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं आणि थोडी भीतीही वाटली.

पावणेबारा झाले. लोक निरोपाचं लिहीत होते. बाराला चार मिनिटं कमी असताना उत्तर आलं.

‘अर्धी वाटी, सपाट. शीग नको. पण उद्या मी एक वाटी लावते. कोल्हापूरहून नऊची गाडी धरा, आणि या वेळी उजवीकडे बसा, डावीकडे ऊन लागतं.’

उत्तराताईंनी ‘येते’ असं टंकलं आणि पाठवायला बोट नेलं, तेवढ्यात चौकट करडी झाली. बारा वाजले होते. पाणवठा गोठला होता, आणि त्याच्यावरचं शेवटचं वाक्य उन्हाचं होतं.

त्यांनी मंदाकिनीबाईंना फोन लावून तोच एक शब्द सांगितला. मग त्या उठल्या, डब्यातून तांदूळ काढले. अर्धी वाटी, वरून बोट फिरवून सपाट.

त्या दिवशी भात उरला नाही.